अमेरिकेतला पहिला कृष्णवर्णीय गव्हर्नर, म्हणजे राज्याचा प्रमुख, कोण होता?

बरेच जण डग्लस वाइल्डरचं नाव घेतात, पण तो निवडून आलेला पहिला, व्हर्जिनियात, 1989 ला. त्याच्या जवळजवळ 117 वर्षं आधी लुइझियानात पी. बी. एस. पिंचबॅक या खुर्चीवर बसून गेला होता.

जन्म 1837, वडील गोरे जमीनदार आणि आई त्यांचीच पूर्वीची गुलाम. वडील गेल्यावर घरची वाट लागली, मग पोरगा नदीवरच्या बोटींवर कामाला लागला. यादवी युद्धात युनियनकडून, म्हणजे उत्तरेच्या सैन्यात, कॅप्टन, 1868 ला राज्याच्या सिनेटवर, 1871 मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर (गव्हर्नरच्या खालचं पद) ऑस्कर डन वारला तेव्हा त्याच्या जागी हा.

1872 चा किस्सा तर भारीच आहे. गव्हर्नर वॉर्मथ न्यूयॉर्कला होता, म्हणजे राज्याबाहेर, आणि तेव्हा त्याचे अधिकार लेफ्टनंट गव्हर्नरकडे, तेवढ्यात आपण न्यू ऑर्लिन्स गाठायचं आणि त्याने अडवलेल्या निवडणुकीच्या बिलांवर सही ठोकायची म्हणून हा गुपचूप ट्रेनने निघाला, वॉर्मथ स्पेशल ट्रेन घेऊन मागे लागला आणि मिसिसिपीतल्या कँटन स्टेशनवर तार आलीय असं सांगून याला खाली उतरवून चक्क कोंडून ठेवलं!

पण डिसेंबरमध्ये वॉर्मथवरच महाभियोग आला आणि 9 डिसेंबर ते 13 जानेवारी 1873 पिंचबॅक गव्हर्नर झाला. नंतर अमेरिकन सिनेटवर निवडून गेला, पण तिथे तीन वर्षं ताटकळत ठेवून 1876 ला 32 विरुद्ध 29 मतांनी नाकारलं, माझ्या मते हा सरळ अन्याय होता. 1879 च्या लुइझियानाच्या घटना परिषदेत मात्र त्याने कृष्णवर्णीयांच्या सदर्न युनिव्हर्सिटीसाठी जोर लावला, ती आजही चालू आहे.