इनडोअर वेलोड्रोमसाठी कोणती सायकल घ्यावी? घरची फिक्सी चालेल का?

लंडनच्या ली व्हॅली वेलोड्रोमला, म्हणजे सायकल शर्यतींच्या लाकडी, कललेल्या ट्रॅकवर, टेस्टर सेशन (पहिल्यांदा करून बघायचं सत्र) झालं, आवडलं, आता स्वतःची ट्रॅक सायकल घ्यायचीय. आणि ऑफिसला जायची फिक्सी (फिक्स्ड गिअरची, म्हणजे चाक फिरतंय तोवर पेडलही फिरणारी सायकल) घरात आहेच तर तीच चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

फिक्सीचं आधी सांगते, कारण हा उद्योग मी करून बसलेय. सेकंडहँड फिक्सी घेतली, ब्रेक काढले आणि ऐटीत घेऊन गेले. तपासणाऱ्या माणसाने पेडल खाली आणलं, सायकल जराशी तिरकी केली, तर पेडल लगेच जमिनीला टेकलं. मला भाड्याच्या सायकलीवर बसवलं. तासावर सायकल घ्यायची सवय पुण्यातली, त्यामुळे फार वाईट वाटलं नाही!

झालं असं की तिथला ट्रॅक वळणावर ४२ अंशांपर्यंत कललेला आहे. वेग असला की सायकलही तेवढीच झुकते. वेग पडला की ती सरळ होऊ लागते, आणि मग चढाच्या बाजूचं, म्हणजे उजवं पेडल लाकडाला घासतं. फिक्स्ड गिअरमध्ये पाय थांबवून पेडल वर धरता येत नाही. ते फिरतच राहणार. म्हणून ट्रॅकच्या सायकलीत बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो तो फ्रेमचा भाग) उंच असतं आणि क्रँक (पेडलचा दांडा) आखूड, बहुधा १६५ मिमीचा. रस्त्यासाठी बनवलेल्या बऱ्याच फिक्सी इथेच नापास होतात. तुमचीही तशी असेल तर नाद सोडा.

खरं तर लगेच काही घेऊच नका. तिथे अ‍ॅक्रेडिटेशनचे, म्हणजे ट्रॅकवर चालवायची पात्रता मिळवण्याचे, चार टप्पे आहेत, ते भाड्याच्या सायकलीवर पार पाडा. तोवर आपल्याला कुठली साइज बसते, हँडल किती लांब वाटतं, हे अंगवळणी पडतं. मी साइज अंदाजाने घेतली होती, मान महिनाभर दुखली.

मग घेताना अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम बघा. कार्बन आणि डिस्क व्हील (आऱ्यांऐवजी भरीव चाक) म्हणजे सध्या हौस. सेकंडहँड कार्बन तर पडलेलं आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, मी घेणार नाही. मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) कॉगच्या, म्हणजे मागच्या दातेरी चक्राच्या, बाहेर लॉकरिंग (त्याला घट्ट धरणारी कडी) आहे ना, ते नक्की बघा. ते नसेल तर पाय मागे रेटून वेग कमी करताना कॉग सुटू शकतो, आणि ब्रेक तर नसतोच.

गिअर पुढे ४८, मागे १५ दात्यांचा घ्या. पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक ३.२ वेळा फिरतं, म्हणजे साधारण पावणेसात मीटर. मिनिटाला ९० फेरे मारलेत की ताशी ३६ किमी, २५० मीटरची फेरी पंचवीस सेकंदांत. वळणावर टिकायला ताशी तीसच्या आसपास लागतातच, तेव्हा हा हिशेब सुरुवातीला पुरतो. पुढे जोर वाढला तर मागे १४ लावा, एक कॉग फार महाग पडत नाही.

टायर २३ मिमीचे, आणि ट्रॅकसाठी वेगळे ठेवलेले. रस्त्यावर वापरलेल्या टायरमध्ये खडी-काच अडकलेली असते, ती लाकडात रुतते.

आणि बॅगेत पंधरा मिमीचा पाना टाका. ट्रॅकच्या चाकांना क्विक रिलीज (हाताने चाक सोडवायची खिट्टी) नसतं, नट असतात, आणि दर वेळी दुसऱ्याकडे मागायला लाज वाटते.