वाचकांचे प्रश्न: चक्करचा पेशंट आणि कॅज्युअल्टीतला डॉक्टर

प्रश्न: डॉक्टर, मी इमर्जन्सीत ज्युनिअर आहे. छातीत दुखतंय म्हणणारा पेशंट आला तर काय करायचं ते पाठ आहे, पण चक्करवाला आला की पोटात गोळा येतो. आमच्याकडे एक लेक्चर झालं, हिंट्स टेस्ट (डोळ्यांच्या तीन तपासण्या, चक्कर कानाची की स्ट्रोकची ते ओळखायला) पण शिकवली, तरी पेशंटसमोर उभं राहिलं की सगळं विसरायला होतं, मग सीटी, उलटीचं इंजेक्शन आणि घरी. हे नीट शिकायचं कसं? आणि उद्या माझ्या ज्युनिअर्सना शिकवायचं झालं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर: सुरुवात एक प्रश्न विचारणं सोडून देण्यापासून कर. "नक्की कसं वाटतंय, गरगरतंय की डोकं हलकं झालंय?" हा प्रश्न आपण सगळेच विचारत आलोय, त्याचं मूळ १९७२ च्या एका पेपरमधे आहे, त्यात चक्करचे चार प्रकार पाडले होते आणि प्रत्येक प्रकाराला कारणांची वेगळी यादी जोडली होती. ऐकायला छान, पण पुढे २००७ मधे इमर्जन्सीतल्या पेशंटना हाच प्रश्न काही मिनिटांच्या अंतराने दोनदा विचारून बघितला तर जवळजवळ निम्म्यांनी दुसऱ्यांदा वेगळंच उत्तर दिलं! म्हणजे ज्याच्यावर आपण अख्खं निदान उभं करतो तो पायाच डळमळीत. तेच पेशंट चक्कर किती वेळ टिकते आणि कशाने येते हे मात्र बऱ्यापैकी ठामपणे सांगतात, सो विचारायचं ते हेच.

यातून ढोबळ तीन गट पडतात. कुशीवर वळलं, वर बघितलं की येते आणि मिनिटाच्या आत थांबते, मधल्या वेळात माणूस ठीक, हा पहिला गट आणि यात बहुतेक बीपीपीव्ही (आतल्या कानातले कण जागचे हलल्यामुळे येणारी चक्कर) निघतो. काल सकाळपासून सुरू झाली ती थांबलेलीच नाही, उलट्या, चालता येत नाही, डोळे झटके मारतायत, हा दुसरा, यात एकतर व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस (कानाच्या नसेची सूज) नाहीतर मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक. आणि आपोआप येते, काही मिनिटं किंवा तास राहते आणि जाते तो तिसरा, त्यात मायग्रेन, मेनियर्स (आतल्या कानाचा आजार), आणि लक्षात ठेव, टीआयए (थोड्या वेळात आपोआप जाणारा छोटा स्ट्रोक) पण असतो. बीपी, शुगर, रक्तस्राव, नवीन सुरू झालेली औषधं, हे सगळं आधी बघून झालेलं असेल असं मी धरून चालतोय.

आता खरी मेख. टेस्ट गटाप्रमाणे निवडायची, आणि नेमका इथेच सगळा घोळ होतो, कारण लेक्चरला हिंट्स ऐकून आलेला डॉक्टर ती सगळ्यांवर करत सुटतो. हिंट्स फक्त दुसऱ्या गटासाठी आहे, चक्कर आत्ता चालू आहे आणि डोळ्यात निस्टॅगमस (डोळ्यांचे आपोआप बसणारे झटके) दिसतोय अशा पेशंटसाठी. त्यातली हेड इम्पल्स म्हणजे पेशंटला तुझ्या नाकाकडे बघायला सांगून डोकं थोडंसंच पण झटकन फिरवायचं. कानाची नस सुजलेली असेल तर डोळे डोक्याबरोबर वाहत जातात आणि मग टुणकन नाकावर परत येतात. म्हणजे टेस्ट बिघडली तर ती चांगली बातमी, आणि नॉर्मल आली तर स्ट्रोकची शंका. हे उलटं गणित डोक्यात बसलं नाही की काय होतं, तर बीपीपीव्हीच्या पेशंटवर (किंवा नुसतं बीपी कमी झालेल्यावर) कोणीतरी हेड इम्पल्स करतो, ती अर्थातच नॉर्मल येते आणि स्ट्रोकची धावपळ सुरू.

बाकीचे दोन भाग सोपे आहेत. उजवीकडे बघताना झटके उजवीकडे आणि डावीकडे बघताना डावीकडे, म्हणजे दिशा बदलली, तर सेंट्रल, म्हणजे बिघाड कानात नाही, मेंदूत. एकेक डोळा आलटूनपालटून झाकल्यावर उघडा झालेला डोळा वर किंवा खाली सरकला तरी सेंट्रल. शिवाय एका बाजूचं ऐकू येणं अचानक कमी झालंय का ते कानाजवळ बोटं चोळून बघ, आणि आधाराशिवाय बसता किंवा उभं राहता येतं का ते बघितल्याशिवाय घरी पाठवूच नकोस.

२००९ च्या मूळ अभ्यासात हिंट्सने स्ट्रोक १०० टक्के पकडले होते, पण ती करणारे डोळे आणि मेंदू दोन्हीतले तज्ज्ञ होते. २०२० च्या एका आढाव्यात जिथे इमर्जन्सीवाल्यांनीही टेस्ट केल्या होत्या तिथे हाच आकडा ८३ च्या आसपास आला, आणि स्ट्रोक नसलेल्यांना "नाही" म्हणण्यात तर निम्म्याहून जास्त वेळा चूक. काही जण यावरून म्हणतात की हे आपलं कामच नाही. मला तसं अजिबात वाटत नाही. इटलीत फ्लॉरेन्सच्या इमर्जन्सी डॉक्टरांनी स्टँडिंग नावाची पायऱ्यापायऱ्यांची पद्धत शिकून घेतली आणि चांगली वापरून दाखवली, आणि अमेरिकेतल्या इमर्जन्सी मेडिसिनच्या संस्थेच्या २०२३ च्या ग्रेस-३ गाईडलाईनमधेही ट्रेनिंग झालेल्या डॉक्टरने हिंट्स करावी असंच आहे. ट्रेनिंग झालेल्या, हे महत्त्वाचं.

म्हणून मी शिकवताना हिंट्स मागे ठेवतो आणि डिक्स-हॉलपाईक (बीपीपीव्ही ओळखायची टेस्ट) आधी घेतो. ती १९५२ पासून आहे, खर्च शून्य, आणि पेशंट तिथल्या तिथे बरा होताना दिसतो त्यामुळे शिकणाऱ्याला उमेद येते. डोकं ४५ अंश वळवायचं, झपकन मागे झोपवायचं, डोकं गादीच्या कडेखाली जरासं लोंबतं राहील असं. पुढचे काही सेकंद काहीच होत नाही आणि मग पेशंट "आलं, आलं" ओरडतो, तुझं मनगट आवळतो आणि डोळे गच्च मिटतो. बरेच ज्युनिअर इथेच घाबरून त्याला उठवून बसवतात, आणि जे बघायचं ते राहूनच जातं. म्हणून आधीच सांगायचं की चक्कर येणार, येऊ दे, मी धरलंय, फक्त डोळे उघडे ठेवा. डोळे वरच्या दिशेने झटके मारत खालच्या कानाकडे पिळल्यासारखे फिरतात आणि मिनिटाच्या आत शांत होतात. हे दिसलं की तिथूनच एप्ली सुरू: डोकं ९० अंश दुसऱ्या बाजूला, मग अंगासकट आणखी ९० म्हणजे नाक जमिनीकडे, मग उठवून बसवणं, प्रत्येक पोझिशनला अर्धा ते एक मिनिट. आतल्या कानाच्या नळीत घरंगळलेले कॅल्शियमचे कण परत जागेवर नेणं, एवढंच आहे ते. हॉलपाईकमधे काही नाही दिसलं तर सरळ झोपवून डोकं दोन्ही कुशींना फिरवून बघ, आडव्या नळीतला बीपीपीव्ही असा सापडतो. मान दुखतेय आणि रक्तवाहिनी फाटल्याची शंका आहे, तिथे मात्र मानेला हात लावायचा नाही.

ज्युनिअर्सना आधी एकमेकांवर करायला लाव, हात बसेपर्यंत. मग निस्टॅगमसचे व्हिडिओ दाखव, पण नाव न सांगता, आधी त्यांनी वर्णन करायचं. मग खरे पेशंट, शेजारी सीनिअर उभा. पेशंटची परवानगी घेऊन डोळ्यांचा व्हिडिओ काढून ठेवला तर नंतर बसून बोलता येतं, नाहीतर "मला दिसला", "मला नाही दिसला" यावरच वाद. आणि घरी पाठवलेल्या पेशंटचं पुढे काय झालं हे कळायची सोय कर, तेवढं सोडून बाकी सगळं ट्रेनिंग लोक करतात.

प्रश्न: माझ्या आईला दोन दिवस सतत चक्कर होती, सीटी नॉर्मल आला म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. सीटी नॉर्मल म्हणजे स्ट्रोक नाही ना?

उत्तर: नाही, तसं म्हणता येत नाही. सीटीत रक्तस्राव दिसतो, पण मेंदूच्या मागच्या भागात रक्तपुरवठा बंद पडून झालेला स्ट्रोक बहुतेक वेळा दिसतच नाही, आणि पहिल्या ४८ तासात एमआरआयसुद्धा असे काही स्ट्रोक चुकवतो. घाबरवत नाहीये, इमर्जन्सीत चक्कर म्हणून येणाऱ्यांत स्ट्रोक साधारण ३ ते ५ टक्केच असतो. पण आईंचे डोळे आणि चालणं कोणी तपासलं होतं का? नसेल आणि अजून त्रास असेल तर आजच परत न्या. दोन दोन दिसणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, उभंच राहता न येणं, नव्याने डोकं किंवा मान जोरात दुखणं, यातलं काहीही असेल तर थांबूच नका.

प्रश्न: चक्करच्या गोळ्या मी तीन महिने घेतोय, सोडल्या की भीती वाटते. चालू ठेवू का?

उत्तर: कुठल्या गोळ्या ते तुम्ही लिहिलं नाहीये. उलटी आणि गरगर दाबणाऱ्या असतील तर त्या सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांपुरत्याच असतात, पुढे त्याच मेंदूला नव्या परिस्थितीशी जुळवून घेऊ देत नाहीत. बीपीपीव्ही असेल तर गोळीने कण हलत नाहीत, त्याला एप्लीच लागते. मेनियर्स किंवा मायग्रेनसाठी चालू असतील तर गोष्ट वेगळी, म्हणून मनानेच बंद करू नका, ज्यांनी लिहून दिल्या त्यांना सरळ विचारा की निदान काय आहे आणि गोळी कधी थांबवायची.