नागपूरचा पहिला उन्हाळा आणि मोजायचं भांडं

कोल्हापूरहून बदली होऊन एप्रिलात नागपूरला येताय, थोरली अडीच वर्षांची, धाकटा चार महिन्यांचा, घरात वडीलधारं कोणी नाही, तर औषधांचं काय काय आणून ठेवू, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. पण लग्न करून इथे आले त्याला २२ उन्हाळे झाले आणि दोन पोरं इथेच वाढवली.

औषधांआधी एक लिटरचं मोजायचं भांडं घ्या. हसू नका. माझा मोठा दीड वर्षाचा होता तेव्हा ऐन मे महिन्यात त्याला जुलाब लागले. मी ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यातून द्यायच्या क्षार-साखरेची, अख्खी पुडी पेलाभर पाण्यात कालवली, घट्ट असेल तर लवकर गुण येईल म्हणून. जुलाब वाढले आणि पोरगं तहानेनं नुसतं कासावीस. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती पाण्यात?" मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. पाणी कमी पडलं की तीच साखर आतड्यात उलट पाणी ओढून घेते आणि मीठही अंगात जास्त जातं. २०० मिलीच्या लहान पुड्याही मिळतात, म्हणून दरवेळी वाचूनच कालवा. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. घटाघटा पाजू नका, चमच्या-चमच्यानं द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जुलाबात डॉक्टर झिंकही देतात, ते १४ दिवसांचं असतं. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नका. गोड चवीच्या खोक्यातल्या पेयांवर ओआरएस लिहायला २०२५च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मनाई केली. त्यांत साखर फार, ती पुडीची जागा घेत नाहीत.

धाकट्याला मात्र पाणी नकोच. "बाळाचा घसा सुकतो हो," म्हणत शेजारची एखादी काकू वाटी-चमचा घेऊन येईलच. हसून चहा पाजा तिला. सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधात पुरेसं पाणी असतं. उन्हाळ्यात फक्त जास्त वेळा पाजायचं आणि पाणी तुम्ही स्वतः भरपूर प्यायचं.

तापाच्या औषधातही मापाचाच घोळ. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलीत १०० मिलीग्रॅम असतं, तर सिरपच्या पाच मिलीत १२० किंवा २५०. सिरपचं माप थेंबांना लावलं की डोस कितीतरी पट होतो. डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे माप घ्या आणि पेनानं खोक्यावरच लिहून ठेवा. धाकट्याला त्यांना विचारल्याशिवाय एकही थेंब नको. आणि उन्हातून आलेलं पोर तापलं असेल, गुंगल्यासारखं करत असेल, असंबद्ध बोलत असेल, तर तो नेहमीचा ताप नव्हे, ऊन लागलंय. तिथे हे औषध उपयोगाचं नाही. सावलीत न्या, कपडे काढा, अंगभर पाणी मारून पंखा लावा आणि ते करत करतच दवाखाना गाठा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

जुलाब-उलट्यांत सहा-आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, धाकट्याची टाळू खोल गेलीय, यातलं काहीही दिसलं तर रात्र आहे म्हणून थांबू नका.

घोळणा फुटला, म्हणजे नाकातून रक्त आलं, की इथे कांदा फोडून हुंगायला देतात. तुम्ही मुलीला बसवून किंचित पुढे वाकवा आणि नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटं चिमटीत धरा. मान मागे टाकली की रक्त घशात उतरतं. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायला माझी हरकत नाही, वास येतो एवढंच.

कूलरची मात्र मला खरी भीती वाटते. पत्र्याची बॉडी, खाली सांडलेलं पाणी आणि अनवाणी पोर. आल्या आल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि टाकीत पाणी भरताना प्लग काढूनच भरा. दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून घासा, डेंग्यूचे डास त्याच पाण्यात होतात.

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास सुरू होतो, पण तो सरला म्हणून कूलर आवरू नका. कोल्हापुरात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, इथे महिना संपत आल्यावर. तोवरचा जूनही उन्हाळ्यातच धरा.