संगणक-शंका : पडद्यामागे काय काय चालू आहे?

(या सदरात कमांड देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच वापरायचे, अक्षरं लहान. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.)

प्रश्न : लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'पीएस' टाइप केलं की बॅश आणि पीएस अशा दोनच ओळी येतात. ब्राउझर उघडा आहे, गाणी चालू आहेत, ती कुठे गेली?

ती आहेत, पण तुम्ही विचारलेली नाहीत. नुसता 'पीएस' दोनच गोष्टी तपासतो : प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम) तुमची आहे का, आणि ती याच टर्मिनलला जोडलेली आहे का. ब्राउझर तुम्ही चिन्हावर क्लिक करून उघडलात, त्याचा या टर्मिनलशी संबंध नाही.

'पीएस एयूएक्स' वापरा. ए म्हणजे इतरांच्याही प्रोसेस, एक्स म्हणजे टर्मिनल नसलेल्यासुद्धा, आणि यू म्हणजे सविस्तर रकाने. मध्ये डॅश घालू नका. डॅश घातला तर नियमाप्रमाणे अर्थ बदलतो. तरीही बहुतेक वेळा चालून जातं, ते पीएस तुमची चूक पोटात घालतो म्हणून. मॅकवरही हीच कमांड चालते.

शेकडो ओळी धावत जातील, म्हणून पुढे पाइपची उभी रेघ देऊन 'लेस' लिहा. बाहेर पडायला क्यू. आता एकच ओळ नीट बघा. पहिला रकाना मालकाचा. दुसरा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक. पुढचं सगळं काम याच्यावर चालतं. तिसरा प्रोसेसरचा टक्का, चौथा मेमरीचा. सहावा रकाना आरएसएस, म्हणजे प्रत्यक्ष व्यापलेली रॅम, तो किलोबाइटमध्ये असतो : तिथे ५२४२८८ दिसलं तर ती प्रोसेस ५१२ एमबी अडवून बसली आहे. मात्र सगळ्या ओळींची बेरीज करू नका. सामायिक लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) प्रत्येकीच्या खात्यात पुन्हा पुन्हा मोजलेली असते, बेरीज खऱ्यापेक्षा फुगलेली येते. आठव्या रकान्यातलं अक्षर शेवटच्या प्रश्नात लागेल.

नावाने शोधायचं तर 'पीएस एयूएक्स | ग्रेप फायरफॉक्स'. ग्रेप तो शब्द असलेल्या ओळी तेवढ्या गाळून देतो. इथे हमखास फसगत होते. फायरफॉक्स बंद असला तरी एक ओळ येते, कारण ग्रेपच्या स्वतःच्या कमांडमध्ये तो शब्द आहे आणि ग्रेप स्वतःलाच सापडतो. उपाय गमतीशीर आहे : शोधशब्दाचं फक्त पहिलं अक्षर चौकोनी कंसात टाका आणि सगळा शब्द अवतरणात ठेवा. ग्रेपच्या दृष्टीने शोध तोच राहतो, पण त्याच्या स्वतःच्या ओळीत आता मध्ये कंस असल्यामुळे ती जुळत नाही.

त्याहून सरळ म्हणजे 'पीग्रेप -ए फायरफॉक्स'. लिनक्सवर हा क्रमांक आणि पूर्ण कमांड दोन्ही दाखवतो आणि स्वतःला वगळतो. अडचण एकच. लिनक्सचा कर्नल (म्हणजे त्याचा गाभा) प्रोसेसचं नाव १५ अक्षरांपर्यंतच ठेवतो, आणि पीग्रेप एरवी तेवढंच बघतो. लांब नावाचा प्रोग्रॅम, किंवा पायथनमधून चालवलेली स्क्रिप्ट (तिचं नाव 'पायथन३' असंच दिसतं) शोधायची असेल, तर '-एफ' जोडा. मग पूर्ण ओळीत शोध होतो.

प्रश्न : पंखा घरघरतोय, पण 'पीएस'मध्ये कोणतीच प्रोसेस २-३ टक्क्यांच्या वर नाही. 'टॉप' मात्र एकीला ९८ टक्के दाखवतो. खरं कोण?

दोघंही. लिनक्सवर पीएस त्या प्रोसेसच्या जन्मापासूनची सरासरी सांगतो. समजा एक प्रोग्रॅम १० तास उघडा आहे, बहुतेक वेळ निवांत, आणि शेवटची १२ मिनिटं एक कोअर (प्रोसेसरचा एक भाग) पूर्ण वापरतोय. ६०० मिनिटांत १२ म्हणजे २ टक्के. टॉप ही यादी सतत ताजी करतो आणि गेल्या काही सेकंदांचंच बघतो. आत्ता कोण धिंगाणा घालतंय हे टॉपलाच विचारा. लिनक्सवर त्यात मोठं एम दाबलं की मेमरीप्रमाणे क्रम लागतो, मोठं पी दाबलं की प्रोसेसरप्रमाणे. १०० च्या वरचा आकडा दिसला तर दचकू नका, एका कोअरचे १०० धरलेले असतात.

प्रश्न : विंडोजमध्ये 'टास्कलिस्ट' चालवलं तर 'एसव्हीसीहोस्ट' कितीतरी वेळा येतो. व्हायरस आहे का?

बहुधा नाही. तो विंडोजच्या सेवा चालवणारा यजमान प्रोग्रॅम आहे. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून, ३.५ जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या संगणकावर बहुतेक सेवांना वेगवेगळा यजमान मिळतो, म्हणून रांग लांबली. कोणाच्या पोटात कोणती सेवा आहे ते 'टास्कलिस्ट /एसव्हीसी' सांगतो.

तरी शंका असेल तर नावावर जाऊ नका, नाव कोणीही घेऊ शकतं. फाइल कुठली ते बघा. पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'गेट-प्रोसेस -आयडी' आणि क्रमांक, मग पाइप, मग 'सिलेक्ट-ऑब्जेक्ट पाथ'. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोज फोल्डरमधल्या सिस्टम३२ मध्ये राहतो. डाउनलोड्समधून चालत असेल तर मात्र गडबड आहे.

आणखी एक : टास्कलिस्टचा तक्ता लांब नावं २५ अक्षरांवर कापतो. पूर्ण नाव हवं तर '/एफओ लिस्ट' जोडा.

प्रश्न : माझा सर्व्हर '८०८० पोर्ट आधीच वापरात आहे' म्हणतो. कोण वापरतंय ते कसं कळेल?

पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठीचं क्रमांक असलेलं दार. विंडोजवर 'नेटस्टॅट -एएनओ | फाइंडस्ट्र :८०८०'. 'लिसनिंग' लिहिलेली ओळ धरा. शेवटचा आकडा पीआयडी. 'टाइम वेट'च्या ओळीत तो ० असतो, ती मिटत चाललेली जुनी जोडणी, तिच्या मागे लागू नका. मग 'टास्कलिस्ट /एफआय', आणि अवतरणात 'पीआयडी ईक्यू' व तो क्रमांक.

लिनक्सवर 'सुडो एसएस -एलटीएनपी', मॅकवर 'सुडो एलएसओएफ -आय :८०८०'. सुडो (कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारा शब्द) विसरलात तर दुसऱ्या वापरकर्त्याच्या प्रोसेसचं नाव दिसणार नाही, आणि पोर्ट भुताने धरल्यासारखं वाटेल. पुष्कळदा तो तुमचाच मघाचा सर्व्हर निघतो, खिडकी बंद केली तरी मागे राहिलेला.

प्रश्न : 'किल -९' देऊनही लिनक्समधली प्रोसेस यादीतून जात नाही. आता?

'पीएस एयूएक्स'च्या आठव्या रकान्यातलं अक्षर बघा. झेड असेल तर ती आधीच मेलेली आहे. तिच्या जन्मदात्या प्रोसेसने निकाल उचलला नाही, एवढंच. मेमरी ती खात नाही. 'पीएस -ओ पीपीआयडी= -पी' आणि क्रमांक दिला की जन्मदात्याचा क्रमांक मिळेल, तो बंद करा.

डी असेल तर ती डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या ड्राइव्हची वाट बघत कर्नलमध्ये अडकली आहे, 'किल -९'चा, म्हणजे सक्तीने बंद करण्याचा, इशारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. सैल झालेली केबल, बंद पडलेला फाइल सर्व्हर बघा. तो परत आला की अडकलेली प्रोसेस सुटते आणि तुमचा इशारा घेऊन लगेच संपते.

एरवी मात्र आकडा न देता साधा 'किल' आधी द्या. त्यात प्रोग्रॅमला फाइल जतन करून निघायला सवड मिळते, ९ मध्ये मिळत नाही.