शांगचीचं इंजिन निवडताना
इंजिन म्हणजे चाली शोधून देणारा प्रोग्राम. फक्त शांगची, म्हणजे चिनी बुद्धिबळ खेळायचं असेल तर सरळ पिकाफिश घे. शोगी, मक्रुक, क्रेझीहाउस असे बुद्धिबळाचे बाकीचे प्रकारही चाखायचे असतील तर फेअरी-स्टॉकफिश. दोन्ही मोफत आहेत. पण इंजिनला स्वतःचा पट नसतो. पट दाखवणारा प्रोग्राम वेगळा लागतो आणि दोघांची भाषा जुळावी लागते. जुनी चिनी इंजिनं बहुधा यूसीसीआय बोलतात, पिकाफिश यूसीआय. माझी अख्खी संध्याकाळ यातच गेली होती! एनएनयूई फाइल (डावाची स्थिती जोखणाऱ्या न्यूरल नेटवर्कची फाइल) इंजिनच्याच फोल्डरमध्ये ठेव, नाहीतर पिकाफिश खेळतच नाही.

नेहमीच्या बुद्धिबळाची सवय मात्र इथे नडते. चाल उरली नाही की बरोबरी नव्हे, थेट हार. आणि हरायला आलास म्हणून सतत शह देत बसशील, तर चाल तुलाच बदलावी लागेल.