येऊरचं सुकं पान

प्रश्न: पहिल्या पावसानंतरच्या रविवारी मुलाला घेऊन येऊरच्या जंगलात गेलो होतो. पायवाटेवरून एक मोठं निळं फुलपाखरू झपकन उडालं, समोरच्या खोडावर बसलं आणि दिसेनासंच झालं. तिथे नुसतं सुकं पान! ते कोणतं असेल? बाल्कनीत फुलझाडं लावली तर येईल का?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर: ते ‘ब्लू ओकलीफ’, आणि तुम्ही पाहिलेलं सुकं पान म्हणजे तेच! पंख उघडे असले की निळे, पुढच्या पंखावर फिकट तिरपा पट्टा. मिटले की वाळकं पान. मला एकदा ते झाडाच्या जखमेतून पाझरणाऱ्या रसावर सापडलं. हातभर अंतरावरून पाहत बसले. पुढच्या पंखाच्या टोकापासून मागच्या पंखाच्या शेपटीपर्यंत गडद रेघ, पानाच्या मधल्या शिरेसारखी. शेपटी म्हणजे देठ. बुरशी धरल्यासारखे ठिपकेसुद्धा! ती रेघ दोन पंखांत वाटलेली असते, पंख नीट जुळले तरच पान पुरं होतं, हे लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. दोन ओकलीफ कधी एकसारखी दिसत नाहीत. जंगलात तरी सगळी पानं एकसारखी कुठे वाळतात?

याच्या सुमात्रातल्या भाऊबंदाने निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसना थक्क केलं होतं. 1869 साली आलेल्या पुस्तकात त्यांनी त्याचं वर्णन केलं आहे.

बाल्कनीत मात्र ते यायचं नाही. फुलांकडे ते सहसा फिरकत नाही. त्याला झाडाचा रस आणि सडकी फळं हवीत. अळीला हवी कारवी, जिच्या काठ्यांचे कूड आदिवासी पाड्यांवर घालतात ती. कारवी साधारण 7 वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. मग पावसात तिथे रोपांची दाटी होते, आणि फोटोसाठी माणसं ती तुडवत आत शिरतात. फार जीव तुटतो. तुम्ही पायवाट सोडू नका, मुलालाही सांगा.

बाल्कनीसाठी कढीपत्ता लावा. कॉमन मॉर्मन हे फुलपाखरू त्यावर अंडी घालतं. पानावर पक्ष्याची शीट पडलेली दिसली, तर पुसायला जाऊ नका. आधी मुलाला हाक मारा: कोवळी अळी अगदी तशीच दिसते.