जुनी मर्सिडीज वॅगन घेतलीस, आता आधी हे कर

भाऊ, अभिनंदन! १२३ मालिकेची डिझेल वॅगन धुळ्यात सहसा नजरेस पडत नाही, आणि ती घरीच दुरुस्त करायची म्हणतोस हे तर फारच छान. फक्त रंग, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम यांच्या मागे आत्ता लागू नकोस. बरेच नवखे तिथेच पैसे संपवतात आणि मे महिन्यात गाडी रस्त्यात उकळते.

आपल्या खान्देशच्या उन्हात पहिला मान कूलिंगचा. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे रबरी पाइप दाबून बघ. क्लॅम्पजवळ भेगा दिसल्या किंवा पाइप लिबलिबीत लागला तर सरळ बदल. सोबत थर्मोस्टॅट, बेल्ट आणि ताजं कूलंट. नुसतं बोअरचं पाणी ओतू नकोस, क्षारांनी रेडिएटर चोंदतो.

मग हे:
- ब्रेक ऑइल आणि ब्रेकचे रबरी पाइप.
- टायर. नक्षी बघून फसू नकोस, टायरच्या बाजूवर छापलेली चार आकडी तारीख वाच. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.
- नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच शिरायचं नाही. गाडीला आधार द्यायला जॅक स्टँड लावायलाच हवेत.

किल्ली बंदवर फिरवूनही इंजिन चालूच राहिलं तर घाबरू नकोस. या गाडीत इंजिनचं डिझेल व्हॅक्युमने, म्हणजे नळ्यांमधल्या हवेच्या ओढीने, तोडलं जातं, म्हणजे बहुधा एखादी नळी गळतेय. तोवर बॉनेटखालचा स्टॉप लिव्हर दाब.

मागचं सस्पेन्शन आपोआप उंची सांभाळणारं, हायड्रॉलिक आहे. त्याच्या ऑइलची पातळी तेवढी बघ, खोलू नकोस.

कूलिंगचं झालं की कळव, मग व्हॅक्युमच्या नळ्या धरू.